आवाजाचा सर्व्हे

एचआरमध्ये काही वर्षं काढली की माणसाकडे रजा शिल्लक राहत नाहीत, किस्से मात्र ढीगभर राहतात! आमच्या नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्याचे बाकीचे किस्से मी हसत हसत सांगते. या सर्व्हेचे मात्र हसत सांगता येत नाहीत.

आमच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकणाऱ्या मशिनींची दिवसभर धडधड चालते. मशिनींभोवती आवाज अडवणारी केबिन बांधा, ही मागणी फार जुनी. शेवटी प्लांटचे मोठे साहेब म्हणाले, "सर्व्हे करा. लोकांना त्रास आहे असं दिसलं, तर लगेच बांधू." मला वाटलं, चला, सुटलो बाई एकदाचे!

*

आता विचारायचं कुणाला? साहेब म्हणाले, "प्रॉडक्शन थांबवू नका. ज्यांना वेळ आहे, त्यांना विचारा."

वेळ कुणाला? अकाउंट्सला! तिथल्या कुलकर्णी मॅडमनी बराच विचार केला. "आवाज आहे गं," म्हणाल्या, "एसीचा. तेवढं सर्व्हिसिंग करून घ्या!"

*

मग मी हट्टाने प्रेस शॉपलाही फॉर्म पाठवले. वर ठळक छापलं, 'नाव लिहू नये, मोकळेपणाने सांगावे.' सुपरवायझरने फॉर्म वाटले आणि ओरडून सांगितलं, "नाव नका लिहू रे, फक्त मशीन नंबर टाका!"

झालं! जे फॉर्म आले ते सगळे 'उत्तम'.

*

ठेकेदाराच्या कामगारांना फॉर्मच नव्हता. म्हणे, ते आपले नाहीत. त्यातल्या घोडेगावच्या संतोषने मला गेटवर गाठलं. "मॅडम, आमी ठेकेदाराचं, कबूल. पन आमचं कानबी ठेकेदाराचंच हायती का?"



*

फॉर्म कमी आले, म्हणून वरून हुकूम आला, फॉर्म देईल त्याला पेढ्याचा पुडा. प्रेसवरचे शिंदे काका एरवी आवाजाला शिव्या घालायचे. त्यांनीही 'त्रास नाही' वर खूण केली. मी चिडले, तर म्हणाले, "पुडा घिऊन वाईट कसं लिवायचं, पोरी? खाल्ल्या मिठाला जागावं मानसानं."

अहो काका, पेढ्यात कुठलं आलं मीठ!

*

तरी साहेबांच्या मनात शंका होतीच. माणूस वाईट नाही हो. म्हणाले, "सगळ्यात जुन्या माणसाला समोरासमोर विचारू. तो म्हणेल तसं करू."

सगळ्यात जुने म्हणजे दत्तूमामा. सगळी नोकरी त्याच प्रेसवर झालेली. साहेबांना घेऊन मी त्यांच्या मशिनीपाशी गेले. हाका मारून दमले, शेवटी खांद्याला हात लावला. फॉर्म पुढे धरून प्रश्नावर बोट ठेवलं. मामांनी चष्मा सारखा करून वाचलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आवाजाचा तरास? पयले लई हुता, साहेब. डोकं उठायचं. आता काय बी न्हाई. लई शांत झालंय सगळं."

"बघा!" साहेब म्हणाले, आणि निघून गेले. केबिनचा विषय तिथंच संपला. मला तर रडूच कोसळलं.

मामा बिचारे घाबरले. माझी समजूत काढायला लागले. "रडती कशापायी, पोरी? खरंच शांत हाय. घरीबी तसंच. लेकाला पोरगी झालीया नव्हं का! इतकी गुनाची पोर, कधी रडतच न्हाई!"