पुलाच्या अलीकडचा पाय

माझा पाय मोडला तेव्हा मी सासरी निघाले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा मला न्यायला निरगुडसरला, माझ्या माहेरी, आला होता. वडापच्या जीपमध्ये बसलो आणि गावच्या हद्दीवरच्या पुलाच्या जरा अलीकडे उसाचा ट्रॅक्टर आमच्यावर आला. नवऱ्याला खरचटलं. माझं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि दोन वर्षांनी काढायला या म्हणाले.

सासर लेण्याद्रीच्या पायथ्याशी. लंगडणारी सून कांदे काढायला आणि हंडे वाहायला उपयोगाची नाही, हे सासूबाईंच्या लवकर लक्षात आलं. मला विश्रांतीसाठी माहेरी धाडलं. विश्रांती इतक्या मनापासून दिली की तीन वर्षांत कोणी चौकशीलाही आलं नाही. मग ट्रॅक्टरच्या विम्यातून मला भरपाई मिळाल्याची बातमी तिकडे पोहोचली आणि त्याच आठवड्यात नवरा किलोभर द्राक्षं घेऊन हजर. पैसे कोणत्या बँकेत ठेवलेत हे विचारून झाल्यावर त्याने पायाचीही चौकशी केली.

मला सोडचिठ्ठी हवी होती. त्यालाही हवी होती, फक्त निम्मी भरपाई हातात पडल्यावर. वकील म्हणाले, हे पैसे तुमच्या दुखण्याचे, कोर्टात बहुतेक तुमचेच राहतील. पण त्याने सही अडवली तर किती वर्षं जातील ते सांगता येत नाही. त्या भरपाईतच सळई काढायच्या ऑपरेशनचा खर्चही धरला होता. मला तेवढंच हवं होतं. सळई माझ्यातून बाहेर आणि मी त्या घरातून बाहेर.

म्हणून आमच्या ओट्यावर दोन्हीकडच्या जाणत्या माणसांची बैठक बसली. वाटणीचा नियम साधा: माहेरून आलेलं मुलीबरोबर परत, सासरचं सासरी. भांडी, कपाट, पलंग पाच मिनिटांत सुटले. पाय मात्र अडला. तो माहेरचा धरायचा की सासरचा? आमच्या बाजूचे म्हणाले, अपघात पुलाच्या अलीकडे झाला, म्हणजे मुलगी अजून माहेरच्या हद्दीत होती. त्यांच्या बाजूचे म्हणाले, जीपचं भाडं जावयाने दिलं होतं, म्हणजे गाडीत बसल्याबरोबर पाय सासरच्या ताब्यात गेला. यावर बराच खल झाला. भाडं आधी दिलं होतं की उतरल्यावर द्यायचं होतं, हेसुद्धा विचारून झालं. पाय तिथेच, दाराशी, सतरंजीवर लांब करून ठेवलेला होता. त्याच्या मालकिणीला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी सासरकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी दुसरा चहा संपवून तोडगा काढला: निम्मं-निम्मं. सगळ्यांना हायसं वाटलं. माझ्या वडिलांनाही वाटलं आणि त्याचा मला भयंकर राग आला. मग मीच त्या गृहस्थांना विचारलं.

"आबा, पायात सळई हाय. ती कुनाची धरायची, म्हायेरची का सासरची?"

ओट्यावरचे सगळे पायाकडे बघायला लागले. मला वाटलं, लागलं कुठेतरी. मग तेच गृहस्थ अगदी मायेने म्हणाले, "सळई ऱ्हाऊ दे तुलाच, पोरी. तिच्यात आमी वाटा मागत न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच असावा.

नवऱ्याने सही केली. त्याच्या निम्म्यातून मोटारसायकल आली. माझ्या निम्म्यातून मंचरला खोलीचं डिपॉझिट भरलं आणि शिलाई मशीन घेतलं. ऑपरेशनपुरतं काही उरलं नाही. ब्लाउज शिवून पुन्हा तेवढे पैसे जमायला बरीच वर्षं लागली. तेव्हा डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, आता हाडाने तिला घट्ट धरलंय, काढायच्या फंदात पडू नका.

मशीन मी अजूनही डाव्या पायाने चालवते. उजव्यात बैठकीने दिलेला माझा वाटा आहे.