झाडलेल्या अंगणातलं श्रमदान

कुठल्याही कमिटीत दोन गोष्टी आपोआप साठत जातात. मोडक्या खुर्च्या आणि किस्से! खुर्च्या निदान भंगारवाला तरी घेऊन जातो, किस्से मात्र आपल्यालाच सांभाळावे लागतात. मी आमच्या कॅम्प कमिटीची सात वर्षं सेक्रेटरी आहे. नांदेडला शाळेत गणित शिकवते, म्हणून सगळ्यांना वाटलं की ही बाई नीटनेटकी असणार. या एका गैरसमजावर मला हे पद मिळालं.

आमचा कॅम्प म्हणजे नांदेडहून कंधारकडे जाताना रस्ता सोडून थोडं आत गेलं की लागणारी जागा. एक हॉल, पोरांच्या झोपायच्या दोन लांबलचक खोल्या, विहीर आणि कडुलिंबाची झाडं. मे महिन्यात आसपासच्या मंडळ्यांतली, म्हणजे गावोगावच्या चर्चमधली, ख्रिस्ती पोरं इथं आठवडाभर राहायची. गाणी म्हणायची, बायबलचे शास्त्रपाठ पाठ करायची आणि दिवसातून तीनदा विहिरीवर अंघोळ करायची. जागा सांभाळायला याकोबमामा आणि मार्थामामी. मामा चौकीदार. मामी कागदोपत्री कोणीच नाही, पण काम दोघांचंही. सव्वीस वर्षं ते तिथल्याच दोन खोल्यांत राहतात. दुसरं घर त्यांना नाही.

मध्ये दोन वर्षं कॅम्प भरलाच नाही. खोल्यांना कुलपं लागली आणि किल्ल्या आमच्या अध्यक्षांच्या कपाटात जाऊन बसल्या. मग लातूरहून साहेबांचं पत्र आलं. साहेब म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्या चर्चचे मोठे पाळक. पत्रात लिहिलं होतं, 'जागा वापरण्यालायक नसल्यास बंद करावी. कॅम्प लातूरच्या हॉलमध्ये घेता येईल.' जागा बंद म्हणजे मामा-मामी रस्त्यावर, हे काही पत्रात नव्हतं. साहेब स्वतः एप्रिलमधल्या एका शनिवारी बघायला येणार होते. आम्ही त्याच शनिवारी श्रमदान ठेवलं.

* * *

श्रमदानाची पहिली मीटिंग. आमचे अध्यक्ष प्रभाकरसर हे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "उद्घाटन कोण करणार?"

मी म्हटलं, "सर, झाडझूड करायची आहे. त्याचं कसलं उद्घाटन?"

"मॅडम, उद्घाटन केल्याशिवाय सुरुवात झाली हे लोकांना कळणार कसं?"

मग उद्घाटन कशानं करायचं यावर पाऊण तास गेला. दीपप्रज्वलन नको, वारा असतो. फीत कापावी तर बांधायची कशाला, चारी बाजूंनी उघडं रान. शेवटी ठरलं, नव्या कोऱ्या झाडूला लाल रिबीन बांधायची आणि तो साहेबांच्या हातात द्यायचा. रिबीन आणली, झाडू आणला, फूल काढून गाठ मारली. एवढा देखणा झाडू झाला की श्रमदानाच्या दिवशी कोणी त्याला जमिनीला टेकू देईना. "खराब होईल ना!"

* * *

आमचा संदेश तरुण संघाचा प्रमुख. वय पस्तीस, मोबाईलचं दुकान, दोन पोरांचा बाप, पण दुसरा कोणी मिळत नाही म्हणून तरुणच. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकली. ज्याला जे काम हवं त्याच्यापुढे नाव लिहायचं.

स्वयंपाकापुढे एकतीस नावं आली. पाहुण्यांच्या स्वागतापुढे चौदा. फोटो काढायला सहा. संडास सफाईपुढे एकही नाही.

संदेशनं डोकं लढवलं. 'संडास सफाई' पुसून 'स्वच्छतागृह व्यवस्था' लिहिलं. तरी कोणी नाही. दोन दिवसांनी त्यानं लिहिलं, 'आरोग्य विभाग प्रमुख'. तासाभरात सात नावं! त्यातल्या एकानं मला फोन करून विचारलं, "मॅडम, छातीवर लावायला बॅच मिळंल का?"

मी विचारलं, "काम काय आहे ते माहीत आहे ना?"

"काम कार्यकर्ते करतेत मॅडम. मी प्रमुख हाय."

सातही प्रमुख. कार्यकर्ता एकही नाही. हा आकडा मी गणिताच्या बाईच्या नजरेनं बघितला आणि संडासांबद्दल प्रार्थना केली.

* * *

प्रभाकरसरांनी पत्रिका छापली होती. जाड कागद, सोनेरी किनार, 'सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे'. त्यामुळे लोक तसेच आले. पैठणी, गजरे, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट. हदगावच्या एका काकांनी तर चकचकीत कागदात बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. त्यांना वास्तुशांतीसारखं काहीतरी आहे असं वाटलं. ते घड्याळ आम्ही लगेच हॉलमध्ये लावलं. त्या दिवशी स्वयंसेवकांच्या हातून झालेलं ते पहिलं काम, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ वेळ तेच शेवटचंही होतं.

माझ्या शाळेतले गौतमसर मात्र जुनी पँट, डोक्याला गमछा आणि खांद्यावर स्वतःचं फावडं घेऊन आले. ते बौद्ध. चर्चशी त्यांचा संबंध एवढाच की आम्ही एका स्टाफरूममध्ये डबा खातो. मी सहज म्हटलं, तर हा माणूस भोकरहून पहाटेची एसटी पकडून आला. फाटकावर स्वागत समितीच्या चौदा जणांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, "गड्यांचा चहा मागच्या बाजूला हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत गेले, माफी मागितली. गौतमसर हसले.

"मॅडम, तुमच्या श्रमदानाला श्रमाचे कपडे घालून आलेला मी एकलाच दिसून राहिलो! सांगा, कुठं खोदू?"

* * *

खोदायचं कुठं, हाच तर प्रश्न होता. कारण मी आत नजर टाकली आणि जागच्या जागी उभी राहिले.

अंगण लख्ख. सडा टाकलेला. वाळकं पान औषधालाही नाही. दोन वर्षांची वेडी बाभूळ मुळासकट गेलेली. खोल्यांची दारं उघडी, जमिनी पुसलेल्या, भिंतींना चुना. संडासांची भांडी इतकी पांढरी की मी तिथं उभ्या उभ्या देवाचे आभार मानले.

झालं होतं असं की संदेशनं सोमवारी मामाकडे किल्ल्या दिल्या आणि म्हणाला, "शनिवारी शंभर माणूस येणार हाय." शंभर माणूस येणार हे दोघांनी ऐकलं. कशाला येणार, हे ऐकायच्या आत मामीनं पदर खोचला. पाच दिवस दोघं राबली. शेजारच्या शेतकऱ्याची बैलगाडी मागून सगळा कचरा ओढ्यापलीकडच्या खड्ड्यात नेऊन टाकला. मामाचे गुडघे आधीच दुखरे, त्यात तळहाताला फोड.

मी म्हटलं, "अहो मामा, सफाई करायलाच तर लोक आलेत!"

मामा माझ्याकडे बघतच राहिला. "पाव्हणे यायलेत म्हनल्यावर घर घाण ठिवायचं व्हय, मॅडम? अन् पाव्हण्याला झाडायला लावायचं?"

प्रभाकरसर मागून आले. त्यांनी कपाळाला हात लावला.

"याकोब, तू सगळ्या कार्यक्रमाची वाट लावलीस!"

* * *

साहेब अकराला येणार होते. साडेनऊ झाले होते. इस्त्रीच्या कपड्यांतले शंभर स्वयंसेवक, सहा फोटोग्राफर, सात आरोग्य प्रमुख, आणि झाडायला काही नाही.

प्रभाकरसरांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "थोडा कचरा परत आणता येईल का?"

इथं मी नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं नाही. साहेबांपुढे कार्यक्रम फसला तर जागाच जाईल, अशी मी माझी समजूत घातली. ती समजूत तेव्हाही मला पटली नव्हती.

मामानं पुन्हा बैलगाडी जुंपली. दोन खेपा आणल्या आणि अंगणात येऊन अदबीनं विचारलं, "सर, कुठं टाकू? थोडा दाराम्होरं, थोडा झाडाखाली?"

प्रभाकरसर मागे सरकून, मान तिरकी करून बघत होते. "तिकडं जरा जास्त. ढीग नको करू, पसरव. नैसर्गिक वाटला पाहिजे!"

गौतमसरांनी ते बघितलं, फावडं उचललं आणि विहिरीकडे गेले. विहिरीपासून हॉलच्या मागे जाणारा सांडपाण्याचा चर बुजला होता, तो त्यांनी दिवसभरात एकट्यानं मोकळा केला. त्याचा फोटो कोणी काढला नाही, कारण तो भाग सावलीत होता.

* * *

साहेब आले. सत्कार झाला. रिबीनवाला झाडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हवेत दोनदा हलवला, टाळ्या झाल्या, आणि झाडू परत प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला. मग साध्या झाडूंनी श्रमदान सुरू झालं.

आता प्रत्येक गावच्या मंडळीला आपापला फोटो हवा. बॅनर वेगळे, माणसं वेगळी. कचरा मात्र एकच! आधी नांदेडकरांनी झाडला. मग भोकरकर आले, तर अंगण स्वच्छ. म्हणून मामानं तोच कचरा पुन्हा पसरला. भोकरकरांनी झाडला. मग हदगावकरांसाठी पुन्हा पसरला. साहेबांबरोबर आलेले लातूरकर म्हणाले, "नांदेडवाल्यांना जास्त कचरा दिला होता. आम्हाला एवढासाच?" त्यांच्यासाठी मामा ओढ्यापलीकडून आणखी एक खेप घेऊन आला.

तोवर स्वयंपाकवाल्या एकतीस जणांना चूल पेटवता येईना. सगळ्यांच्या घरी गॅस. एकतीस जण चुलीभोवती उभे राहून फुंकत होते आणि पैठण्यांवर राख बसत होती. शेवटी मामीला हाक मारली. तिनं दोन काटक्या इकडच्या तिकडे केल्या आणि जाळ झाला. उठताना तिनं अंगणाकडे बघितलं. तिनं सारवलेल्या ओट्यावर मामा चौथ्यांदा कचरा पसरत होता. ती तशीच घरात गेली आणि दार लोटून घेतलं.

* * *

दुपारी समारोप. हॉल गच्च भरलेला. सूत्रसंचालन माझ्याकडे. साहेब बोलायला उभे राहिले. माणूस मनानं चांगला, भारावून गेला होता.

"आज मी जे पाहिलं त्यानं माझे डोळे उघडले! ही जागा मुळीच बंद होणार नाही. मे महिन्याचा कॅम्प इथंच होईल!"

टाळ्यांचा कडकडाट. मी मागच्या दाराकडे बघितलं. मामा चौकटीला टेकून, कानामागे हात धरून उभा होता आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"आणि असे स्वयंसेवक असताना," साहेब पुढे म्हणाले, "मला सांगा, वेगळ्या चौकीदाराची तरी काय गरज? दर महिन्याला एक श्रमदान ठेवा. त्या दोन खोल्याही पोरांच्या कामी येतील!"

पुन्हा टाळ्या. प्रभाकरसरांनी वाजवल्या. माझेही हात सवयीनं दोनदा वाजले, त्याची लाज मला अजून वाटते. मग माईक माझ्या हातात आला. 'साहेब, हे काम यांनी नाही केलं,' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "यानंतर समारोपाची प्रार्थना."

पत्रिकेत एकाही बाईचं नाव नव्हतं म्हणून मी कटकट केली होती. तेव्हा प्रभाकरसरांनी शेवटी एक ओळ घातली होती, 'समारोपाची प्रार्थना: सौ. मार्था.' मामी पुढे आली. हात ओले होते, पदराला पुसले. सगळे उभे राहिले आणि सगळ्यांनी डोळे मिटले. आमच्यात एकदा प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, मध्ये बोलायचं नाही आणि जागचं हलायचं नाही. मग तो कोणी का असेना.

"हे प्रभू बापा," मामी म्हणाली, "तुला तर समदं ठाव हाय. सोमवारपासून आमी दोघं झाडून राहिलो. संडास म्या घासले. बाभळी यानं तोडल्या, त्याच्या हाताला फोड आले, तू बघितलेच असशील. कचरा गाडीनं नेऊन टाकला. मंग तोच कचरा आज गाडीनं परत आणला, अन् चारदा पसरला. का आणला, ते काय म्या इचारत न्हाई. मोठ्या लोकांचं काम हाय."

कोणीतरी खोकलं. प्रभाकरसर असावेत.

"मी तक्रार करून न्हाई राहिले, प्रभू. तुला नुसतं सांगून राहिले. साहेबाचा बी दोष न्हाई, त्यांना कोणी बोललंच न्हाई. तर तू त्यांच्या कानावर घाल. अन् त्यांना इचार, की बाबा, ही दोन माणसं त्यांच्या दोन खोल्यांत राहू द्यायची का न्हाई. त्यांचं उत्तर येईस्तोवर मी थांबते, प्रभू."

आणि ती थांबली.

वर पंखा फिरत होता. नव्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. शंभर माणसं डोळे मिटून उभी. मला वाटलं आता कोणीतरी बोलेल, पण बोलणार कोण? आमेन झालेलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं पुढच्या रांगेतून साहेबांचा आवाज आला, अगदी बारीक. "हो."

"जरा मोठ्यानं बोलायला लाव, प्रभू," मामी म्हणाली. "ह्यो दाराजवळ उभा हाय, त्याला कमी ऐकू येतं."

"हो! राहू द्यायची!"

"आमेन," मामी म्हणाली.