पुढच्या चाकाची खिट्टी

माझा दादा टेलर आहे. चांगला टेलर आहे, हे तो स्वतःच येईल त्याला सांगतो, त्यामुळे मी वेगळं सांगत नाही. खाली त्याचं दुकान, वर तो आणि वहिनी, आणि मागच्या दोन खोल्यांत मी, त्याची धाकटी बहीण. मी लग्न केलं नाही, म्हणून दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसायला मला भरपूर वेळ असतो, असं त्याचं म्हणणं. ते खरंही आहे.

दादाच्या धंद्यात एक नियम आहे. कापताना चूक झाली तर ती गिऱ्हाइकाला सांगायची नाही. कात्री जरा आत गेली तर शिलाई आत घ्यायची, वर एक पट्टी लावायची आणि "हल्ली असंच घालतात" म्हणून कोट हातात द्यायचा. "चूक सांगितली की माणसाला आरशात तेवढीच दिसते," तो म्हणतो. "न सांगता सुधारली, तर सगळेच खूश." आणि लोक खरंच खूश होऊन जातात. मी कितीदा पाहिलं आहे.

वहिनी इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त घेते. ज्यांची शीर कुणाला सापडत नाही, अशी म्हातारी माणसं ती येईपर्यंत उपाशीपोटी बाकावर थांबतात. तिनं सुई घातली की ती म्हणतात, "घाला आता, मी तयार आहे," आणि तोवर नळी भरलेली असते. पहाटेची ड्यूटी तिला आवडते. त्या वेळी बस नसते, म्हणून तिनं एक जुनी सायकल घेतली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, त्या जातीतली सगळ्यात स्वस्त. चाळिशी उलटल्यावर बाईला हे काय सुचलं, असं शेजारीण म्हणाली, तेव्हा वहिनी म्हणाली, "पन्नाशीत सुचलं असतं तर तुम्ही जास्तच बोलला असता." सायकलवरून परत येताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. बाईनं शाळा चुकवलीय की काय, असं वाटायचं.

सायकलीच्या चाकांचा मात्र भरवसा नव्हता. आज एक तार तुटायची, उद्या दुसरी. शेवटी दादानं नवी जोडी आणली, स्वस्तातलीच. टायर चांगले होते, तेच चढवायचे होते. "अर्ध्या तासाचं काम," तो म्हणाला. दादाचा अर्धा तास कसा असतो, हे त्याच्याकडे कपडे टाकणाऱ्याला विचारावं.

जुन्या चाकांवर जे टायर मुकाट्यानं बसत होते, त्यांनी नव्या चाकांवर बसायला साफ नकार दिला. टायरची एक कडा आत गेली. दुसरी तीन हिस्से गेली आणि शेवटच्या वीतभर तुकड्याशी येऊन अडली. दादानं लोखंडी पट्टी घालून ती उचकटली, तेव्हा टायर बसला आणि आतली ट्यूब चिमटून फाटली. दुसऱ्या ट्यूबचंही तेच झालं. त्यानं पट्टी अंगणात भिरकावली, मी ती उचलून आणली, आणि त्यानं मला "तू आत जा" म्हणून सांगितलं. मी गेले नाही.

मग तो चाक मांडीवर घेऊन रिमवरून बोटं फिरवत बसला. जरा वेळानं त्याच्या तोंडावर हसू आलं. "अगं, ही तर बाही आहे," तो म्हणाला. "खांद्याच्या मुंढ्यात बाही बसत नाही तेव्हा अडलेल्या जागी ओढून चालत नाही. सगळीकडून थोडं थोडं सरकवत आणावं लागतं." रिमच्या मधोमध एक खोलगट खाच असते. बसलेली कडा त्यानं चिमटीनं सगळ्या चाकाभर त्या खाचेत ढकलली, आणि जी सैल जागा निघाली ती अंगठ्यांनी रेटत रेटत शेवटच्या तुकड्यापर्यंत आणली. टायर पट्टीशिवाय चढला. मागचं चाक झालं. पुढचं त्याहून घट्ट निघालं. त्याचे अंगठे लाल झाले, कपाळावर शीर उठली, आणि जेवणं खोळंबली. वहिनी दोनदा येऊन म्हणाली, "अहो, राहू दे, दुकानात देऊ." तिसऱ्यांदा तिनं ते म्हटलं आणि त्याच वेळी टायर खट्कन बसला.

मग काय, गड सर केल्याचा थाट! त्यानं हवा भरली, मला हाक मारली, शेजारणीला हाक मारली. हवा भरलेलं चाक ब्रेकच्या दोन रबरांमधून जाईना, म्हणून ब्रेकच्या चिमट्याला असते ती छोटी खिट्टी त्यानं उघडली. ती उघडली की रबरं लांब होतात आणि चाक आत जातं; मग ती आठवणीनं बंद करायची, नाहीतर हँडलवरचा दांडा दाबला तरी ब्रेक लागत नाही. मागच्या चाकाला त्यानं ती बंद केली होती. पुढच्या चाकाच्या वेळी मात्र तो शेजारणीला बाहीची गोष्ट सांगत होता. खिट्टी उघडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी वहिनीला सुट्टी होती; दुकान उघडल्यावर ती बाजाराला निघाली आणि घरापुढच्या उतारावर पडली.

कुणीतरी येऊन सांगितलं आणि दादा गळ्यातल्या टेपसकट, अनवाणी धावला. मागोमाग मी. वहिनी फुटपाथच्या कडेला बसली होती, डावं मनगट मांडीवर धरून. रस्ता नेहमीचा, समोर काही आडवं आलेलं नाही. वळणावर एकट्या मागच्या ब्रेकनं वेग आवरला नाही आणि ती कठड्यावर आदळली होती. "दाबला हो मी ब्रेक," ती दादाला म्हणाली. "दांडा पार आत गेला, पण हातात जोरच आला नाही." दादा सायकल उचलायला गेला. तो पुढच्या चाकाशी वाकला, आणि खट् असा बारीक आवाज झाला. मला वाटलं, काही वाकलेलं सरळ केलं असेल.

डावं मनगट मोडलं होतं, प्लास्टर बसलं. आणि दादा बदलला. ज्या माणसाला घरात कणकेचा डबा कुठे असतो ते माहीत नव्हतं, तो पोळ्या लाटायला लागला. पोळ्यांना टेलरनं हात लावला असूनही एकीचं माप दुसरीशी जुळत नव्हतं. तो वहिनीचे केस विंचरायचा, तिची औषधं उशाशी मांडायचा, तिनं काही मागण्याआधीच उठायचा. "नवरा असावा तर असा," शेजारीण म्हणाली, आणि दादानं ताट आपटलं. सायकलवाला रस्त्यात भेटून "ब्रेक बघून देऊ का?" म्हणाला, तर हा त्याच्यावर खेकसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, बायकोच्या काळजीनं माणूस हळवा झाला आहे.

वहिनीनं मात्र मनाशी भलताच निकाल लावून टाकला होता. मोडला डावा हात, पण तिचा विश्वास उडाला उजव्यावरून. पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. "ज्या हाताला ब्रेक आवळता आला नाही, त्या हातानं मी कुणाच्या दंडात सुई घालू?" ती म्हणायची. डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताला काहीही झालेलं नाही. ती म्हणाली, डॉक्टरांना काय, त्यांनी फोटो बघितला, मी पडले. सायकल तिनं भाचीला द्यायचं ठरवलं. आणि एका दुपारी जेवता जेवता सहज सांगावं तसं म्हणाली, की रक्त घेण्याचं काम सोडून नावनोंदणीच्या खिडकीवर कायमची बदली मागणार आहे, उद्याच साहेबांशी बोलते. दादाचा घास हातातच राहिला.

तो खाली दुकानात गेला. मीही गेले. मशीनपुढे बसून तो उगाच चाक फिरवत होता, सुईत दोरा नसताना.

"खिट्टी उघडी होती," तो म्हणाला.

मला कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. उतारावर सायकल उचलताना त्यानं उघडी खिट्टी पाहिली होती आणि कुणी बघायच्या आत बंद केली होती. "विचार करून नाही गं केलं. हात आपोआप गेला. बंद केल्यावर वाटलं, झालं, सुधारलं."

"सुधारलं? दादा, ती काय तुझं गिऱ्हाईक आहे?"

"रोज सांगणार होतो. तिचं दुखणं जरा कमी होऊ दे म्हटलं. मग प्लास्टर निघू दे म्हटलं."

"आणि तिनं हातातलं काम सोडलं की मग सांगणार होतास? मला काय सांगतोस इथे बसून? ऊठ!"

तो उठला. जिना चढताना कठड्याला धरून चढला. मी मागोमाग गेले. या वेळी त्यानं मला आत जा म्हटलं नाही.

वहिनी खिडकीशी बसली होती. त्यानं उभ्यानंच सांगितलं, आडपडदा न ठेवता. चुकलो म्हणाला, घाबरलो म्हणाला. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर हसेल तरी.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"तिथंच. सायकल उचलताना."

"म्हणजे रोज मी तुमच्यासमोर बसून ही मूठ आवळून बघत होते, जोर आला का, जोर आला का म्हणून..." तिनं उजवा हात वर धरला. "आणि तुम्ही म्हणत होतात, येईल हळूहळू."

दादा तिच्या मुठीकडे बघत राहिला. मला त्याची कीव आली आणि दोन लावून द्याव्यात असंही वाटलं.

बदलीचं ती पुन्हा बोलली नाही. दादाशीही कामापुरतंच बोलायची. पोळ्या करायचं त्यानं सोडलं नाही, पण आता शेजारीण कौतुक करायला लागली की वहिनी उठून आत जायची.

प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी तिनं अंगणात चटई टाकली आणि पुढचं चाक काढायला लावलं. "टायर उतरवा. मी चढवणार. तुम्ही तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही." दादा समोर बसून सांगत गेला. कडा खाचेत ढकल. चिमटीनं. आता पलीकडून सैल जागा पुढे आण. तिचं डावं मनगट अजून बारीक होतं, मधूनमधून ती थांबून ते दाबायची. शेवटच्या तुकड्याशी टायर अडला, तसे दादाचे हात आपोआप पुढे आले.

"हात मागे," वहिनी म्हणाली.

त्यानं हात पाठीमागे बांधले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. ऊन वर आलं. ती पुन्हा पहिल्यापासून सगळी कडा चिमटत आली, आणि अंगठ्यांखाली टायर बसला. कुणी ओरडलं नाही. तिनं हवा भरली, चाक लावलं, खिट्टी बंद केली, दांडा दाबून बघितला आणि ओढणी खोचून सायकलवर बसली.

"मी येऊ उतारापर्यंत?" दादानं विचारलं.

"या."

ती पुढे, आम्ही दोघं चालत मागे. उतार सुरू झाला तशी ती सुटली, आणि दादानं माझा दंड इतका घट्ट धरला की मी ओरडलेच. पण वळणापाशी, कठड्याच्या जरा अलीकडे, तिनं ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी उभी केली. एक पाय टेकवून ती थांबून राहिली. दादा धापा टाकत तिच्याजवळ पोहोचला. त्याचा चेहरा उजळला होता. त्याला वाटलं, संपलं एकदाचं.

तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"इथे सांगायचं होतंत मला," ती म्हणाली, आणि उतारावरून खाली निघून गेली.