सैल हात

माझ्या भाचीच्या, मुक्ताच्या, लग्नाचा चुडा भरायला कासारीण घरी आली होती. हिरवी बांगडी एवढीशी आणि मुक्ताचा पंजा चांगला रुंद. आत शिरेल कशी, या धास्तीनं मुक्तानं हात आवळला आणि बांगडी तडकली. कासारीण 'फुटली' म्हणाली नाही. "वाढली गं," म्हणत तिनं काचा बाजूला सारल्या. "पोरी, तू मदत करू नकोस. हात माझ्यावर सोड."

मुक्तानं हात सोडला. बोटं एकमेकांना बिलगली, अंगठा तळव्यात निजला आणि दुसरी बांगडी अलगद मनगटावर उतरली.

मुक्ता हसायलाच लागली. ती प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम करते. "मावशी, माझी प्रथिनं अगदी अशीच," ती मला म्हणाली. "बाकीच्यांची घडण ठरलेली असते, कुलपाच्या किल्लीसारखी. यांची नसते. पेशीत सुट्या दोऱ्यासारखी वळवळत असतात. जोडीदार भेटला की त्याच्याजोगा आकार घेतात. दुसरा भेटला तर दुसरा."

"मग त्यांचा स्वतःचा आकार कुठला?" मी विचारलं.

"तसा एक नसतोच. काही तर जोडीदाराला चिकटल्यावरही थोडी सैलच राहतात."

मी विचारात पडले. ठाम आकार नसणं म्हणजे कच्चेपणा, असं मी जन्मभर समजत आले. इथे तर तीच कुणाला तरी भेटण्याची तयारी होती.

तेवढ्यात कासारिणीनं माझा हात धरला. "ताई, सोडा की."

"सोडलाय," मी म्हणाले.

तिनं तो हलवून पाहिला. "कुठं सोडलाय?"