संत्र्याच्या सालीचा लाडू शोधत अकोल्याला

एका लाडवासाठी कुणी पुण्याहून अकोल्याला जातं का, असं घरच्यांनी विचारलं. "ब्लॉगसाठी," मी म्हटलं. खरं कारण आईलासुद्धा सांगितलं नाही.

झालं असं की दिवाळीनंतर अमरावतीच्या मामेबहिणीनं, सुषमानं, एक डबा पाठवला. "साखर नाही, गूळ नाही. तुझ्या कामाचे लाडू." ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, खजूर, तीळ, जवस. पहिला घास घेतला आणि मी होते तिथेच बसले. त्यात संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची पूड होती.

हा लाडू आमच्या बडनेऱ्याच्या घरी माझ्या वहिनीनं बसवला होता, बाबांना मधुमेह झाला तेव्हा. ब्लॉगवर मी तो 'आमच्या आईची पाककृती' म्हणून लिहिला. सालीचं मात्र कधीच कुणाला सांगितलं नाही. आणि वहिनीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तळ्याकाठी तिच्या चपला सापडल्या, ती सापडली नाही. शेवटी आम्ही फोटोला हार घातला.

पहिला दिवस अमरावतीत गेला. इथे आलात तर गिला वडा, म्हणजे इकडचा दहीवडा, खाच, फक्त दही गोड नको म्हणून आधी सांगा. सुषमा म्हणाली, डबा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका किराणा दुकानातला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरली. तासा-दीड तासाचा प्रवास. थंडीच्या दिवसांत खिडकीची जागा मिळाली तर तुरीची शेतं बघत जाता येतं. मला मात्र फलाटावरूनच आमची जुनी चाळ दिसली आणि पुढचं काही दिसेना. दादाचा हात उठायचा. भिंतीपलीकडून आवाज यायचे. मी टीव्ही मोठा करायचे.

अकोला स्टेशनवरून ऑटोनं मोर्णा नदीचा पूल ओलांडला की जुनं शहर. ऑटोवाले ऐंशी मागतात, साठात येतात. पुढे गल्ल्या अरुंद, चालतच जावं लागतं. दुकानदार म्हणाला, "ते लाडू काय? वच्छलाबाई देते आनून. काहून, घरी जाता का?" त्यानं रस्ता सांगितला. तो मी इथे लिहिणार नाही. वच्छलाबाई हे नावही खरं नाही. कमेंटमध्ये पत्ता विचारू नका.

साठीच्या एका बाईनं दार उघडलं. पुढच्या खोलीत सुपात लाह्या, चादरीवर तीळ. आतल्या बंद दारामागे कुणीतरी खलबत्त्यात कुटत होतं.

"या नं बाई. पानी घ्या आधी."

ब्लॉगचं ऐकून वच्छलाबाई खुलल्या. जवस तडतडली की लगेच उतरवायची, खजूर चमचाभर तुपावर मऊ करायचा, लाडू गरम असतानाच वळायचे. (मधुमेह असेल तर हाही बेतानं खा. खजूर शेवटी गोडच.)

"आणि संत्र्याची साल?" मी विचारलं.

आतलं कुटणं थांबलं.

वच्छलाबाई लाह्या निवडायला लागल्या. "साल? साल कोन टाकते लाडवात?"

"आत कोण आहे?"

"कोनी नाई."

आणि आत पुन्हा कुटणं सुरू झालं. तो आवाज आम्हा दोघींनाही ऐकू येत होता, आणि बाई माझ्या डोळ्यांत बघून सांगत होत्या की आत कोणी नाही. बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

मी उठून दारापाशी गेले. कडीला हात लावायचा धीर झाला नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "दादा गेला. मागच्या उन्हाळ्यात."

ठोका अर्ध्यात थांबला. दाराच्या फळीपलीकडे, अगदी माझ्या तोंडासमोर, कुणीतरी श्वास घेत होतं.

"मला तेव्हा सगळं ऐकू यायचं, वहिनी."

वच्छलाबाई उठल्या. स्वतःपुरतं दार किलकिलं करून आत गेल्या. कुजबुज ऐकू आली. बाहेर आल्या तेव्हा हातात एक लाडू होता, अजून गरम. त्यावर बोटं उमटली होती.

"फोटोले हार घातला असंन, तो राहू देजा म्हनते."

"एकदा नुसतं बघू द्या."

"नाई बाई. आली त्या दिवशीच तिनं मले सांगतलं, घरचं कोनी आलं तर पानी पाजजो, पन दार नको उघडजो." मग उंबऱ्यापर्यंत सोडायला येऊन त्या हळूच म्हणाल्या, "आई बऱ्या हायेत नं तुमच्या? त्याईनंच आनून सोडलं होतं तिले. पायात चप्पलबी नोती."

परतीचा प्रवास मला आठवत नाही, म्हणून गाडीच्या वेळा वगैरे विचारू नका.

घरी आल्यावर आधी ती जुनी पोस्ट उघडली. 'आमच्या आईची' खोडून 'माझ्या वहिनीची' लिहिलं आणि साहित्यात साल घातली. एवढंच माझ्या हातात होतं.

आई तीन वर्षांपासून माझ्याकडेच असते. तिच्यापुढे वाटीत लाडू ठेवला. तिनं वास घेतला आणि तो मोडला. अकरा वर्षं ही बाई रोज त्या फोटोपुढे फूल ठेवत आलीय. वर्षश्राद्धाला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीय. मी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिले.

अर्धा लाडू खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, "मोडलेला हात चालते का तिचा?"

"चालतो," मी म्हटलं. "कुटत होती."

आईनं मान हलवली आणि उरलेला अर्धा संपवला.