खिचडीचा टेम्पो वरसाव्याला का गेला?

आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांनो आणि शांती नगरातल्या मित्रांनो... कमिटी निर्णय घेते, ग्रुपवर टाकते, आणि आपण वाचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. हे दुखणं एकट्या माझं नाही.

परवा शनिवारी तेच झालं. दर शनिवारी मारुतीच्या नावाने आपली सोसायटी गेटवर खिचडी वाटते, अगदी नेमाने. या वेळी मेसेज आला की खिचडी लांब हायवेवर, वरसाव्याच्या पुलाजवळ वाटायची... "तिथे खरी गरज आहे."

माझ्या डोक्यात किडा वळवळला. गेटबाहेर आपल्या बंद दुकानांच्या ओट्यावर सुनंदाबाई आणि त्यांची आंधळी सासू झोपतात. दिवसभर बाई एका हॉटेलसाठी लसूण सोलतात. ज्या चाळीत भाड्याने राहायच्या ती पाडली. मालकाला नवीन फ्लॅट मिळाला, यांच्या वाट्याला ओटा आला. मग ही गरज वरसाव्याला कधी राहायला गेली?

टेम्पोत मीही चढलो. घोडबंदर रोडवर ट्रॅफिक तुंबलेलं, आणि उपाशी माणूस शोधून सापडेना. शेवटी अडकलेल्या ट्रकवाल्यांच्या हातात द्रोण दिले. एकाने घास घेत विचारलं, "भाईसाब, आज किसका बर्थडे है?" तोवर आपल्यातल्या एकाने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाही होता... खाली लिहिलं होतं, 'सेवा'.

परत आलो आणि गेटपाशी थबकलो. ओट्यावर सिमेंटच्या मोठाल्या कुंड्या मांडल्या होत्या, एकीला एक चिकटवून. मांजरसुद्धा आडवं होणार नाही अशा.

सुनंदाबाई फुटपाथवर गोधडीची घडी घालत होत्या. सासू त्यांचा पदर धरून उभी. माझ्याकडे बघून बाई म्हणाल्या, "दादा, झाडं चांगली हायेत. पण म्हातारीला उभ्यानं झोप येत नाय बघा."

मी तडक सेक्रेटरी सावंतकाकांकडे गेलो. "काका, टेम्पो तिकडे नेला तो यासाठीच ना?"

मला वाटलं, नाही म्हणतील. पण त्यांनी शांतपणे चहाचा कप पुढे केला. "अरे, कबुतरांना दाणे टाकले की ती तिथेच बसतात. खिचडी इथे दिली की माणसं इथेच राहतात. उपाशी थोडीच ठेवतोय आपण कुणाला?"

"काका, कबुतराला आंधळी सासू नसते."

"तू भाषणं कर," ते हसले. "सोसायटी मला चालवायची असते."

भाषणं मी करतोच. समाजाने भुकेल्यांसाठी, बेघरांसाठी काय केलं, यावर मी तासभर बोलू शकतो... पण आता कुठेही अन्नदानाचा बॅनर दिसला की आधी संशय येतो. जेवण द्यायचंय, की जेवण दाखवून माणूस नजरेआड न्यायचाय? पानभर वाढायला आपण तयार आहोत. जेवलेला माणूस रात्री कुठे पाठ टेकणार, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण उत्तर आपल्याच दारात येऊन बसेल.

त्या दोघी सध्या रिक्षा स्टँडमागे गटाराच्या झाकणांवर झोपतात. म्हातारी बाथरूमला उठली तर रस्ता कुठल्या बाजूला आहे हे तिला कळत नाही. सुनंदाबाई आपल्या मनगटाला आणि तिच्या मनगटाला एकच ओढणी बांधून झोपतात.

माझ्या एकट्याच्या ओरडण्याने कुंड्या हलणार नाहीत. ओटा सोसायटीच्या मालकीचा आहे, म्हणजे शेजाऱ्यांनो, त्यावर मत तुमचंही आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता खालच्या हॉलमध्ये मीटिंग आहे. घरटी एक जण तरी या, आणि कुंड्या काढण्याच्या बाजूने हात वर करा.