तीन पायांचा प्लग आणि दादाचा आवाज

गारखेड्यातून निघताना मी घरातलं एकेक बटण बंद केलं. पंख्याचं, मिक्सरचं, देवघरातल्या दिव्याचंसुद्धा. रिक्षात बसल्यावर पुन्हा उतरले आणि इस्त्रीचं बटण पाहून आले. शाळेच्या प्रयोगशाळेत उभी हयात गेली, तिथूनच हा हात असाच आहे. खोलीबाहेर पडायचं म्हणजे आधी बोर्डाकडे जायचं. दादा रिक्षात बसून नुसता हसत होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गंगापूरला त्याची ऊस-कापसाची शेती. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं. आता तो टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला टेकवतो, ओठ हलवतो आणि एकसुरी घरघरता आवाज बाहेर पडतो. यंत्राला चार तास वीज दिली की ते दिवसभर बोलतं. त्याच्या चार्जरला आपला नेहमीचा तीन गोल पायांचा प्लग.

आम्ही निघालो होतो लंडनला, दादाच्या नातीच्या बारशाला. त्याच्या लेकीला, प्राजूला, नणंद नाही. म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान तिने वडिलांना दिला होता. "बाबा, नाव तुम्हीच ठरवा आणि तुम्हीच सांगा." आवाज गेल्यापासून दादा चार माणसांत तोंड उघडायला लाजायचा, पण ह्या एका शब्दासाठी रोज आरशासमोर यंत्र घेऊन बसायचा. शब्द कोणता, ते मलाही सांगत नव्हता. मी आत गेले की यंत्र खाली.

त्यामुळे ह्या प्रवासात मी स्थळं कमी पाहिली आणि भिंती जास्त. बारशाआधी आठवडाभर एका सहलीबरोबर युरोप फिरायचं होतं. गारखेड्याच्या इलेक्ट्रिकवाल्याने मला एक ठोकळा दिला होता, हवे तसे पाय पोटातून बाहेर काढणारा. "बाजी, बेफिकर ले जाओ. दुनिया में कहीं बी लगता."

झुरिकमध्येच तो लागला नाही. खोलीत शिरताच दादा खिडकीतून तळं बघायला धावला आणि मी गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. भिंतीत एक षटकोनी खळगा, त्याच्या तळाशी तीन बारीक भोकं. आमचा ठोकळा त्या खळग्यात मावेचना. शिवाय शेजारी बटणच नाही! वीज आपली चोवीस तास उघडी. मला तर त्या भिंतीकडे पाठ करून बसवेना.

खालच्या काउंटरवरच्या बाईने ठोकळा पाहून मान हलवली. "श्टेकर (प्लगला तिकडचा शब्द) हवा ना? फोनसाठी?" तिने इंग्रजीत विचारलं. दादाने यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाला, "नो फोन. माय व्हॉइस." बाईने लगेच खणातून एक चपटा जोडप्लग काढला, आणि हरवला तर असू द्या म्हणून आणखी एक. मला भरून आलं.

मिलानमध्ये भोकांची तऱ्हा आणखी वेगळी. तिन्ही एका रांगेत, कवायतीला उभी केल्यासारखी. त्यातही दोन मापं, एका खोलीत जाडी तर दुसऱ्या खोलीत बारीक. जोडप्लग एका ठिकाणी बसला, लाल दिवा लागला, आणि मी समाधानाने दाराजवळचं किल्लीचं कार्ड काढून चर्च बघायला गेले. ते कार्ड काढलं की अख्ख्या खोलीची वीज जाते, हे परत आल्यावर कळलं. त्या दिवशी दादाला अर्धाच आवाज मिळाला, तो त्याने पुरवून वापरला. जेवताना रिसोत्तो (लोणी-चीज घालून शिजवलेला मऊ भात) समोर आला, तेव्हा एकच वाक्य खर्च केलं.

"सुमे, खिचडीच हाय की ही. तिखट तेवढं नाय."

लंडनला प्राजूच्या घरी पोचलो आणि माझा जीव भांड्यात पडला. तिथला प्लग चांगला धष्टपुष्ट. तीन चपटे पाय, वरचा सगळ्यांत लांब, पोटात स्वतःचा फ्यूज. आपले गोल पाय मूळचे ह्या इंग्रजांचेच. आपल्याकडे ठेवून गेले आणि स्वतः चपट्यांवर आले. पण मला भावलं ते शेजारचं बटण! खाली दाबलं की चालू, वर केलं की बंद, अगदी गारखेड्यासारखं. आमचा ठोकळाही इथे नीट बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी भिंतीवर विश्वास ठेवला.

बारशाच्या आदल्या दिवशी दादा लेकीशी बोलून बोलून यंत्र रिकामं करून बसला. म्हणून बारशाच्या सकाळी आठ वाजताच मी ते चार्जिंगला लावलं, लाल दिवा पाहिला आणि पुरणाकडे वळले. दुपारी दादाने ते खिशात टाकलं. चार्जर घरीच राहिला. हॉल गाडीने पाऊण तासावर होता.

पाळण्याभोवती बायका जमल्या. दादा वाकला, यंत्र गळ्याला लावलं. एकदा घर्र झालं आणि थांबलं. त्याने पुन्हा दाबलं. काही नाही. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला लख्ख आठवलं. लाल दिवा पाहून खोलीबाहेर पडताना माझा हात बोर्डाकडे गेला होता. झुरिक-मिलानच्या परक्या भिंतींनी जे केलं नाही, ते मी माझ्या हाताने केलं होतं.

दादाने यंत्र खिशात ठेवलं. मला वाटलं, आता हा मागे सरणार. पण तो परत वाकला आणि बाळाच्या कानाशी ओठ नेले. बायकांनी रिवाजाप्रमाणे "कुर्र्र" म्हणत त्याच्या पाठीत हलके बुक्के घातले. आवाज तर येणारच नव्हता. मी पाळण्याच्या बाजूला होते, मला त्याचे ओठ दिसत होते. ओठांचा चंबू झाला, मग ते मिटले, मग उघडले. आमची आई गेली त्याला वीस वर्षं झाली. तिचं नाव मी ओळखणार नाही?

"काय नाव ठेवलं?" कुणीतरी विचारलं.

"उमा," मी म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले, "उमा."

प्राजू बापाच्या गळ्यात पडली. बाळाने आजोबाची मिशी धरून ठेवली होती. मी कोपऱ्यात जाऊन रडले, लाजेनेही आणि आनंदानेही.

परत आल्यावर दादा दोन दिवस गारखेड्यालाच राहिला. पोचल्या पोचल्या त्याने चार्जर लावला. ठोकळा नाही, जोडप्लग नाही, तीन गोल पाय सरळ आत. बटण स्वतः दाबलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली. मी गुन्हेगारासारखी बघत राहिले. चार तासांनी त्याने यंत्र गळ्याला टेकवलं.

"झालं ते बरंच झालं, सुमे. मशीन चालू असतं, तर मी रडताना बी घर्रघर्र वाजलं असतं."

दादा गंगापूरला गेला. चिकटपट्टी अजून तशीच आहे. घराबाहेर पडताना मी सगळी बटणं बंद करते, तेवढं एक सोडून.